मैदानामागचा रोलर आणि खिडकीतला झेंडा

नीव्ह मॅडमनी मला बहारीनच्या अदलिया भागातल्या एका कॅफेत बोलावलं आणि कसलीही प्रस्तावना न करता सांगितलं, "मित्रा आयर्लंडला आमच्या घरी राहू शकते. आईबाबा दोघंच असतात. वरची खोली रिकामीच आहे." भाडं त्यांनी सांगितलं ते शहरातल्या भाड्याच्या निम्म्याहून कमी होतं. मी कॉफी ढवळत राहिले. साखर घातलेलीच नव्हती.

माझी मुलगी संघमित्रा, घरात मित्रा, अठरा वर्षांची आहे. जन्म बहारीनचा, वाढली तिथल्याच गुदैबिया वस्तीत. आयर्लंडमधल्या वॉटरफर्डच्या एका कॉलेजात तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. आयर्लंड तिच्या डोक्यात घातलं ते नीव्ह मॅडमनीच. त्या तिच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका. शुक्रवारी सकाळी इथल्या आयरिश नर्स आणि शिक्षक मंडळींबरोबर त्या मुलींना गेलिक फुटबॉल शिकवायच्या, आणि मित्रा त्यात पुरती रमली होती.

मी ॲल्युमिनियमच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करते. संशय घेण्याचा मला पगार मिळतो. स्वस्त भाडं, हसरे लोक, घाई नसलेला घरमालक हे सगळं एकत्र आलं की मनात शंकेची पाल चुकचुकतेच. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. अशोक अकोल्याचा, आणि वीस वर्षं आखातात काढूनही बोलतो अकोल्यासारखंच.

"काऊन एवढा विचार करून राह्यली? पोरगी चांगल्या घरी राहीन."

"चांगलं घर आहे हे तुला कसं माहीत?"

"मंग जाऊन पाहून ये नं."

त्याला रजा मिळणार नव्हती. म्हणून जुलैत मी आणि मित्रा निघालो. तिच्या दृष्टीने ती सहल होती, माझ्या दृष्टीने तपासणी.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. बहारीनहून डब्लिनला थेट विमान नाही. आम्ही इस्तंबूलमार्गे गेलो. लंडनमार्गे कधी कधी स्वस्त पडतं, पण भारतीय पासपोर्ट असेल तर ट्रान्झिट व्हिसाची भानगड आधी तपासा. आयर्लंडचा व्हिसा वेगळा आणि निवांत येणारा. अर्ज लवकर करा. नीव्ह मॅडमचं गाव टिपररी परगण्यात; डब्लिन विमानतळाच्या दारातूनच तिकडे बस सुटते, वीस-बावीस युरोत. ऑनलाइन तिकीट काढलं तर थोडं कमी. स्वेटर हातातल्या बॅगेत ठेवा. जुलै म्हणून मी तो खालच्या बॅगेत टाकला होता आणि बसथांब्यावर कुडकुडत उभी राहिले.

गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या लोकांच्या घरातल्या गोष्टी इथे येणार आहेत. मोठं गाव, एक लांब रस्ता, नदीवर दगडी पूल, दोन चर्च, पब मोजायचे नाहीत. बस थांबली तिथे नीव्ह मॅडमचे वडील कॉन उभे होते. सत्तरीचे, उंच, डोक्यावर सपाट टोपी. त्यांच्या गाडीत ओल्या कुत्र्याचा वास होता. कुत्रा मात्र दिसला नाही, हेही मी मनात टिपून ठेवलं.

प्रवास कसा झाला वगैरे काही नाही. गाडी सुरू करून त्यांनी आरशातून मित्राकडे पाहिलं. "बरं, तू कुठल्या पॅरिशची?"

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली वस्ती. मला तो प्रश्न आवडला नाही. आम्ही बौद्ध. 'कुठले तुम्ही' नंतर 'आडनाव काय' येतं आणि त्यानंतर जी शांतता येते ती मी लहानपणापासून ओळखते. ती शांतता अकोल्यात ऐकली, पुण्यात कॉलेजात ऐकली, आणि बहारीनमध्ये मराठी मंडळींच्या हळदीकुंकवातही ऐकली. मी घाईने म्हणाले, "इंडिया. महाराष्ट्र."

"ते कळलं हो. मी हिला विचारतोय."

मित्रा म्हणाली, "गुदैबिया."

"तुमचं वैर कोणाशी?"

"झिंज."

"हरवता का त्यांना?"

"खलास करतो," मित्रा म्हणाली.

कॉन स्टिअरिंगवर हात आपटून हसले. मी हसले नाही. एवढ्या लवकर जमणारी मैत्री मला पटत नाही.

घर दुमजली, जुनं, आतून लाकडी. स्वयंपाकघरात कॉनच्या पत्नी नोरा बटाटे सोलत होत्या. त्यांनी चहा दिला. आपल्यासारखाच कडक, दुधाचा. त्याबरोबर जाड ब्राऊन ब्रेड आणि लोण्याचा ढीग. मग मला मित्राची खोली दाखवली. स्वयंपाकघराच्या बरोबर वर, रस्त्याकडे तोंड करून. खोली स्वच्छ होती, उशी नवी होती. खिडकीचा खटका मात्र सैल. वर ढकलला की खट् आवाज करून बसायचा आणि जरा धक्का लागला की सुटायचा. खाली शेजारच्या पडवीचं छप्पर. माणूस त्यावर चढला तर खिडकीला सहज हात पोचेल.

बोलले नाही. पाहुणे म्हणून आलो आणि आल्या आल्या घराला नावं ठेवली, असं कसं करायचं? पण त्यानंतर रोज सकाळी खाली उतरण्याआधी मी तो खटका एकदा, दोनदा हलवून बघत असे. मित्रा पांघरुणातून म्हणायची, "मम्मी, प्लीज. इट्स अ विंडो."

दुसऱ्या दिवशी कॉन आम्हाला मैदानावर घेऊन गेले. ज्यांना हे खेळ माहीत नाहीत त्यांच्यासाठी: हर्लिंग म्हणजे चपट्या टोकाची लाकडी काठी आणि चामड्याचा छोटा, टणक चेंडू. तो जमिनीवरून मारायचा, हवेत मारायचा, काठीवर तोलून पळायचं. हॉकीवाल्याने पाहिलं तर पंचाला हाक मारेल आणि विटीदांडू खेळलेल्याला गलबलून येईल. गेलिक फुटबॉलमध्ये चेंडू हातातही घेता येतो. दोन्ही खेळांना मैदान एकच, पंधरा-पंधरा खेळाडू, दोन उंच खांब आणि मध्ये आडवी दांडी. दांडीवरून मारला तर एक गुण, खालून जाळीत मारला तर तीन. कोणालाही पगार नाही. पोरं दिवसभर गवंडीकाम नाहीतर बँकेत नोकरी करतात आणि संध्याकाळी एकमेकांची बोटं मोडतात.

क्लबच्या खोलीत भिंतभर फोटो होते. कॉन गावाच्या खेळांचा इतिहास जमवतात आणि मनापासून सांगतात. जुन्या काळी इंग्रज जमीनदारच कुळांचे हर्लिंग संघ पाळायचे आणि त्यांच्यावर पैजा लावायचे. मग दुष्काळ आला, बटाटा सडला, निम्मं गाव मेलं नाहीतर जहाजात बसलं. खेळायला माणसंच उरली नाहीत. मग देशात स्वातंत्र्याचं वारं आलं, आयरिश खेळांची संघटना उभी राहिली, पॅरिशगणिक क्लब निघाले, आणि गाव पुन्हा हर्लिंग खेळू लागलं. "आमच्या रक्तातच आहे ते," कॉन म्हणाले.

दुष्काळ आणि संघटना यांच्यात कितीतरी वर्षं जातात. त्या वर्षांत काय खेळत होते, असं मी विचारलं.

"काही नाही. हर्लिंगच. लपूनछपून."

मागे चेंज रूम पाहायला गेलो तर खाजऱ्या झुडपांत एक लोखंडी रोलर पडलेला. भलाथोरला, गंजलेला, दोन माणसांनी ओढायचा. मी थांबलेच. माझं बालपण शाळेच्या मैदानावर असा रोलर ओढणाऱ्या मुलांना बघण्यात गेलंय. हर्लिंगला गवत लागतं. गवतावर एवढा रोलर कोण फिरवेल?

"हा कशासाठी?"

"टेनिससाठी असेल," कॉन म्हणाले आणि चालू लागले.

"टेनिसचं कोर्ट कुठे आहे?"

"होतं कुठेतरी."

मित्राने माझ्या कोपराला चिमटा काढला. माझ्यापुरता मात्र निकाल लागला होता. रोलर क्रिकेटचा होता आणि हा माणूस मला खोटं सांगत होता. बरं, खोटं कशाबद्दल, तर एका गंजलेल्या रोलरबद्दल. ज्याला एवढीशी गोष्ट लपवावीशी वाटते तो मोठी काय लपवत असेल? त्याच दुपारी त्यांनी आणखी एक वाक्य टाकलं: "इथे ज्या पॅरिशमध्ये जन्मलात तिथलेच तुम्ही. जन्मभर. बदलता येत नाही."

जन्माने ठरतं आणि बदलता येत नाही. हे वाक्य ऐकायला मी एवढे पैसे खर्चून आले होते का? जे आमच्या आजोबांनी टाकून दिलं ते इथे काठी घेऊन उभं होतं. अशोकला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "अवं, खेळाचं बोलून राह्यले असतील ते." असतीलही. माझं मन नको तिथे नको ते वास घेतं, हे मला ठाऊक आहे.

पुढचे दोन दिवस आम्ही गाव पाहिलं. कॉलेज बसने पाऊण तासावर, बस तासाला एक, शेवटची लवकर सुटते. पालकांनी वेळापत्रक पाहून घ्यावं. सूप-ब्रेड आठ-नऊ युरोत पोटभर. भारतीय किराणा वॉटरफर्डला मिळतो. ज्वारीचं पीठ नाही मिळालं, घरून न्या. वाण्यापासून पोस्टातल्या बाईपर्यंत सगळ्यांना आम्ही कोण हे आधीच माहीत होतं. "तुम्हीच ना कॉनकडे आलेल्या, बहारीनच्या?" लोकांना हे गोड वाटतं. माझ्या मानेवर मात्र काटा यायचा.

गावाच्या टोकाला वळणावर काही कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरची घरं, उभ्या होत्या, बाहेर कपडे वाळत घातलेले. खाटकाच्या दुकानात मी सहज विचारलं, तिथे कोण राहतं? एवढा बोलका माणूस, त्याचा आवाज बदलला. "ती वेगळी माणसं," तो म्हणाला आणि सुरी पुसू लागला. पिढ्यान्‌पिढ्या भटकणाऱ्या समाजाची माणसं होती ती, हे नंतर कळलं. तो आवाज मात्र मला भाषांतर करून घ्यावा लागला नाही.

रविवारी सामना होता, शेजारच्या पॅरिशशी. सकाळी खाली आले तर समोरच्या दारावर कॉनचा निळा-सोनेरी झेंडा. घराला वळसा घालून मागे गेले आणि वर पाहिलं तर त्याच घराच्या वरच्या मजल्यावर, मागच्या बाजूच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीतून हिरवा झेंडा लोंबत होता.

"तो शत्रूचा," कॉन तोंड पाडून म्हणाले. "माझ्या छपराखाली राहतो. माझं मटण खातो."

"मटण मी शिजवते," नोरा आतून ओरडल्या.

नोराबाई शेजारच्या पॅरिशच्या. लग्न होऊन चाळीसेक वर्षं झाली, पण सामन्याच्या दिवशी त्या माहेरच्या. ह्या भागात बऱ्याच घरांत असंच असतं म्हणे. नवराबायको एका गाडीतून मैदानावर जातात, फाटकाशी वेगळे होतात आणि समोरासमोरच्या बांधांवर उभे राहून एकमेकांच्या गावाला शिव्या देतात. मित्रा कॉनबरोबर गेली. मी नोराबाईंबरोबर.

तिकीट दहा युरो. खेळ इतका वेगवान की चेंडू शोधेपर्यंत गुण झालेला असतो. माझ्या मागे दोन म्हातारे होते.

"अरे रेफरी, चष्मा गाडीत राहिला काय?"

"त्याला चष्मा काय करायचा? डोळे बंद ठेवायचे पैसे घेतलेत त्याने."

"तो चेंडू माझ्या आजीने अडवला असता!"

"मग उतरव की तिला. तुमच्या फळीपेक्षा चपळ आहे."

मध्यंतरात नोराबाईंनी थर्मासमधला चहा ओतला. मला राहवलं नाही. "तो रोलर क्रिकेटचा आहे ना?"

त्या समोरच्या बांधाकडे बघत होत्या. कॉन मित्राला हातवारे करून काहीतरी समजावत होते. "कॉनने टेनिस सांगितलं असेल."

"हो."

"नेहमी टेनिसच सांगतो." मग त्यांनी सांगितलं. दुष्काळानंतर ह्या गावात सगळे क्रिकेटच खेळायचे. जमीनदाराच्या मैदानावर लोहार, मजूर, सगळे. संघटना आली तेव्हा पुढे नियम झाला की परदेशी खेळ खेळायचा नाही. नुसता बघितला तरी हकालपट्टी. तो नियम पन्नासेक वर्षांपूर्वी उठला. पण तोवर कोण बघायला जातं हे बघायला माणसं नेमलेली असायची.

"म्हणजे बघणाऱ्यांना बघणारे?"

"हो. टोपी खाली ओढून कुंपणाशी उभे राहायचे. त्यांना बघायची परवानगी होती." कॉनचे वडील गावचे सर्वांत चांगले हर्लर, आणि क्रिकेटचे वेडे. शेजारच्या पॅरिशशी अंतिम सामना होता, त्याच्या तोंडावर कोणीतरी चहाडी केली की अमक्याला बॅट हातात घेतलेला पाहिला. त्यांना काढून टाकलं. गाव हरलं. ह्या गावाला तसा सामना परत कधी मिळाला नाही.

"चहाडी कोणी केली?"

नोराबाईंनी कपातला उरलेला चहा गवतावर फेकला. "माझ्या बापाने."

मी माझा कप गवतावर ठेवला.

"लग्न करून आले त्या दिवशी सासऱ्यांनी मला दारात थांबवलं. म्हणाले, तुझ्या बापाची नजर चांगली होती, नव्वद यार्डांवरून ओळखलं मला. आणि आत घेतलं. पुढे एक शब्द नाही. पण कॉनच्या इतिहासात क्रिकेट नाही. क्रिकेट आलं की ते वडील येतात, आणि मग माझे येतात. म्हणून टेनिस."

मी समोर पाहिलं. मला वाटलं होतं हा माणूस स्वतःसाठी खोटं बोलतो. तो बायकोसाठी बोलत होता. आणि टोपी खाली ओढून कुंपणाशी उभं राहिलेलं आणखी कोणीतरी होतं: कुत्रा का दिसत नाही, उशी नवी का, खटका सैल का, हे सगळं टिपणारं. कुत्रा, नंतर कळलं, आम्हाला भीती वाटेल म्हणून शेजारी ठेवला होता.

तरीही मी विचारलंच. त्यासाठीच तर आले होते. "माझी मुलगी इथे चार वर्षं राहिली, तर ती इथली होईल?"

"नाही," नोराबाई म्हणाल्या.

हा विषय निघाल्यापासून मला सगळे 'हो' म्हणत होते. कॉलेजवाले हो, नीव्ह हो, पोस्टातली बाई हो.

"ती वाऱ्याने उडून आलेली राहील. बाहेरच्यांना इथे तसंच म्हणतात. मलाही म्हणतात. माझी पोरं इथे जन्मली, तरी परवा पोस्टातली बाई म्हणाली, तुमच्याकडे पलीकडे कसं करतात हो? पण खेळायला पोरी कमी पडतात. इथे राहायला आलेली मुलगी इथल्या संघातून खेळू शकते. कॉन हे सांगत नाही, त्याला जन्माचंच कौतुक. जर्सी देतील. आजारी पडली तर सूप आणतील. आणि कुठली तू हे विचारणं थांबवणार नाहीत. एवढंच मी सांगू शकते."

इतक्या दिवसांत हे पहिलं बोलणं होतं जे मला उलटसुलट करून बघावंसं वाटलं नाही.

नोराबाईंचं माहेर दोन गुणांनी जिंकलं. गाडीत कॉन घुम्यासारखे बसले आणि नोराबाई गुणगुणत होत्या. कॅराव्हॅनच्या वळणावर मित्राने विचारलं, "ही मुलं खेळतात?"

"दोघं आहेत ना आमच्या तरुण संघात," कॉन म्हणाले. "एक तर फार चांगला."

"मॅचनंतर ती तुमच्या घरी चहाला येतात?"

कॉननी गिअर बदलला. मी मुलीकडे पाहिलं. तिला हे मी शिकवलं नव्हतं, निदान शिकवलंय असं मला वाटत नव्हतं.

बहारीनला उतरलो तेव्हा विमानतळाबाहेरच्या हवेने चष्म्यावर वाफ धरली. गुदैबियाच्या आमच्या गल्लीत शिरताना मी मित्राला विचारलं, तुला खरंच जायचंय? तिने माझ्याकडे पाहिलं आणि चक्क मराठीत उत्तर दिलं. "मम्मी, मी इथली पण नाहीये ना. व्हिसा संपला की मला इथूनपण जावंच लागणार. तिकडे निदान टीम आहे."

तिचा जन्म इथल्या दवाखान्यातला, आणि इथल्या कार्डावर ती आमची अवलंबित. तिला पॅरिश विचारली तेव्हा ती एका क्षणात बोलली, आणि मी आईबापाचा देश सांगत बसले होते.

सप्टेंबरात ती गेली. मी पूर्ण निर्धास्त झाले असं लिहिलं तर खोटं होईल. खाटकाचा आवाज माझ्या कानात आहे, आणि कॉनचं ते गिअर बदलणंही. गाव चांगलं की वाईट, हे मला सांगता येणार नाही. तिथे एक बाई नाही म्हणू शकते, एवढं मी पाहून आले.

परवा मित्राने फोटो पाठवला. दोन्ही पॅरिश पुन्हा समोरासमोर होत्या, तेव्हाचा. दारावर निळा-सोनेरी झेंडा. मागच्या बाजूचा हिरवा फोटोत दिसत नाही, पण असणारच. आणि रस्त्याकडच्या तिच्या खिडकीतून तिची शुक्रवारच्या संघाची, बहारीनची लाल-पांढरी जर्सी लोंबत होती. खाली लिहिलं होतं, 'कॉन सेज एव्हरी गर्ल नीड्स हर ओन फ्लॅग.'

मी सवयीने फोटो मोठा केला. जर्सीच्या बाहीपाशी, चौकटीवर, नवा पितळी खटका चमकत होता. जाड, दोन स्क्रूंचा.

अशोकला दाखवला. "तू सांगितलं होतं काय त्यायले?"

"नाही. एका शब्दाने नाही."

"मंग?"

मी विचार केला. ती खोली स्वयंपाकघराच्या बरोबर वर. जुनी लाकडी जमीन. रोज सकाळी खट्, पुन्हा एकदा खट्. खाली कोणीतरी चहा टाकत असणार, आणि ऐकत असणार.